जुन्या पिकअपचे ब्रेक आणि पेडल: मूळचेच दुरुस्त करावेत की बदलावेत?

१९४७ ते १९५५ च्या सुरुवातीपर्यंतचा शेव्हरलेट पिकअप किंवा १९५३ ते १९५६ मधला फोर्ड एफ-१०० घेतला आणि बॉनेट उघडून ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पायाच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा मुख्य सिलिंडर) शोधला, तर तो सापडत नाही. तो चालकाच्या पायाखाली, केबिनच्या तळाखाली, चेसिसला बोल्टने आवळलेला असतो. ब्रेक आणि क्लचची पेडल तळातल्या भोकांतून वर आलेली असतात. ब्रेकचे ऑइल पाहायचे तर पायाखालची चटई उचलायची, तळातले छोटे झाकण काढायचे आणि तिथली माती आत पडू न देता बूच फिरवायचे. इतक्या वर्षांत हे सगळे फार थोड्या हातांनी केलेले असते. म्हणून असा ट्रक नव्याने हातात आला की बहुधा पेडल ढिले लागते, सिलिंडर गळत असतो आणि एखादे चाक जाम असते.

इथून पुढे चार रस्ते आहेत. मूळची ड्रम ब्रेकची रचना, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबणारी, जशीच्या तशी नवी करून घेणे. ड्रम तसेच ठेवून फक्त मास्टर सिलिंडर दुहेरी करणे. पुढच्या चाकांना डिस्क, म्हणजे दोन्ही बाजूंनी पॅडने आवळली जाणारी चकती, बसवणे. किंवा तळातली पेडलच काढून वरून टांगलेली पेडल आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लावणे. या चारांत निवड करताना लोक चाकाकडून सुरुवात करतात: डिस्क हवी की ड्रम. माझे मत असे आहे की सुरुवात पेडलपासून करावी. पेडलचा बुश (आसाभोवतीची नळी), त्याचा आस, मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी म्हणजे पुशरॉड आणि मास्टर सिलिंडर ही साखळी नीट नसेल, तर चाकांना काहीही लावले तरी ब्रेक चांगला होत नाही.

आधी पेडल

तळातून आलेले पेडल म्हणजे एक तरफ. चेसिसजवळच्या आसावर ते फिरते. पायापासून आसापर्यंतचे अंतर आणि पुशरॉडपासून आसापर्यंतचे अंतर यांचे गुणोत्तर म्हणजे पेडल रेशो. बूस्टर नसलेल्या गाडीला तो साधारण ६ ला १ असावा लागतो, बूस्टर असेल तर ४ ला १ च्या आसपास चालतो. या आकड्याचा दुसरा अर्थ दुरुस्ती करणाऱ्याने कायम लक्षात ठेवावा. पुशरॉडच्या पिनेचे भोक झिजून १ मिलिमीटर लांबट झाले, तर ६ ला १ च्या पेडलवर पायाला ६ मिलिमीटर चाल वाया गेलेली जाणवते. बुश झिजला, पिन झिजली, पुशरॉडचे टोक झिजले, प्रत्येकाने थोडे थोडे खाल्ले की इंचभर पेडल नुसते खाली जाते आणि आपण शू बदलत बसतो.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइलच्या टाकीतून खाली येणारे एक अगदी बारीक भोक असते. पाय काढल्यावर पिस्टनचे रबर त्या भोकाच्या मागे जाते, भोक उघडते आणि गरम होऊन फुगलेले ऑइल टाकीत परत येते. पेडल गंजलेल्या बुशात अडकले, रिटर्न स्प्रिंग थकली किंवा पुशरॉड जास्त लांब ठेवला, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही. भोक झाकलेले राहते. मग ऑइल तापते, दाब वाढतो, शू ड्रमला टेकतात, त्यामुळे ऑइल आणखी तापते. दहा-पंधरा मिनिटे चालवल्यावर ट्रक आपोआप जड वाटू लागतो आणि शेवटी ब्रेक लागलेलाच राहतो.

मी स्वतः यात दोन आठवडे घालवले आहेत. व्हील सिलिंडर (चाकाजवळ शू ढकलणारे छोटे सिलिंडर) बदलले, होज (रबरी नळ्या) बदलले, शूंचे समायोजन तीनदा केले आणि गाडी तरीही पकडत होती. शेवटी पेडल आसावरून काढले तेव्हा बुशाच्या जागी वाळलेले ग्रीस आणि गंज यांचा कडक थर निघाला. नवा बुश बसवला, पुशरॉड आणि पिस्टन यांत दीड मिलिमीटर मोकळी चाल ठेवली आणि दोष गेला. ही दीड मिलिमीटरची चाल पायाला साधारण ९ मिलिमीटर, म्हणजे सुमारे अर्धे बोट, मोकळेपणा म्हणून जाणवली पाहिजे. ती अजिबात जाणवत नसेल तर गाडी बाहेर काढू नका.

म्हणून कोणताही रस्ता धरलात तरी पेडल खाली उतरवून बुश, आस, पिन, स्प्रिंग आणि पॅड नवे करायचे. तळातल्या भोकाभोवतीचे रबरही. ते फाटलेले असले की रस्त्यावरचे पाणी आणि माती थेट बुशावर येते. पॅडचे रबर गुळगुळीत झालेले असेल तर ओल्या बुटाचा पाय घसरतो. हे सगळे काम स्वस्त आहे आणि यात कुठलीही मूळ गोष्ट बिघडत नाही. पेडलची दांडी वाकलेली असेल तर गरम करून सरळ करण्याचा किंवा लांबी बदलण्यासाठी कापून वेल्डिंग करण्याचा मोह टाळावा. घाबरून मारलेल्या ब्रेकचा सगळा जोर त्या एका दांडीवर येतो. चांगली जुनी दांडी शोधा किंवा नवी घ्या.

रस्ता पहिला: मूळची रचना, सगळी नवी

याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ड्रम ब्रेक म्हणजे कमकुवत ब्रेक, ही समजूत पूर्ण खरी नाही. बेंडिक्स पद्धतीच्या ड्रममध्ये फिरणारा ड्रम पुढच्या शूला ओढतो आणि तो शू खालच्या दुव्यातून मागच्या शूला ढकलतो. म्हणजे चाकाचे फिरणेच ब्रेकला जोर पुरवते. त्यामुळे बूस्टर नसतानाही हा ब्रेक थोड्या दाबात चांगला लागतो. नीट जुळवलेला बेंडिक्स ड्रम एका जोरदार दाबात चाके जाम करू शकतो.

शेव्हरलेटच्या अर्ध्या टनी ट्रकांना मात्र १९५० पर्यंत हक पद्धतीचे ब्रेक होते. यात एक शू दुसऱ्याला असा ढकलत नाही. बेंडिक्स १९५१ पासून आले. तुमचा ट्रक १९५० किंवा त्याआधीचा असेल तर हकचे सुटे भाग शोधण्यापेक्षा पुढच्या वर्षांतले बेंडिक्सचे सामान बसवणे अनेकांनी पसंत केले आहे आणि मलाही ते पटते. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही आणि ब्रेकमध्ये फरक पडतो.

नवे करताना काय काय बदलायचे? थोडक्यात, रबर असलेले सगळे. व्हील सिलिंडरचे फक्त रबरांचे किट टाकून भागते का, हे आतला पृष्ठभाग पाहून ठरवा. बोटाला खड्डा लागला तर किट वाया जाते; काही महिन्यांत पुन्हा गळते. लोकप्रिय ट्रकांचे सिलिंडर नवे मिळतात. दुर्मीळ ट्रकाचा मूळ सिलिंडर लेथवर मोठा करून त्यात स्टेनलेस किंवा पितळेची नळी बसवून घेता येते आणि अशी दुरुस्ती पुढे गंजत नाही.

होजबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण हा भाग बाहेरून फसवतो. जुना रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून सुजतो. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जाते, मागे मात्र येत नाही. त्या चाकाचा ब्रेक लागतो आणि सुटत नाही. गाडी एका बाजूला ओढते. लोक त्या चाकाचा सिलिंडर बदलतात. होज तीनच असतात, दोन पुढे आणि एक मागच्या ॲक्सलजवळ. तिन्ही न पाहता बदलावेत.

ड्रम लेथवर घासून घेताना त्याची कमाल मर्यादा पाहावी. पुष्कळ ड्रमांवर ती ओतलेली किंवा ठोकलेली असते आणि बहुधा मूळ व्यासापेक्षा ०.०६० इंच म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास असते. त्यापलीकडे घासलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकू शकतो. बेंडिक्समध्ये दोन शूंचे लायनर (शूवरचे घासणारे अस्तर) सारखे नसतात. आखूड लायनरचा शू पुढे, लांब लायनरचा मागे. उलटे बसवलेले मी इतक्या वेळा पाहिले आहे की ड्रम लावण्याआधी पुन्हा एकदा पाहून घ्या, असे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर हवेने धूळ उडवू नका, कोरडा ब्रशही मारू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बंद करून टाका.

या रस्त्याच्या मर्यादा दोन. एक म्हणजे उष्णता. साधारण १,६०० किलोचा ट्रक ताशी ६० किलोमीटरवरून थांबवताना ब्रेकला सुमारे २२० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ताशी १०० वरून थांबवताना सुमारे ६२०. वेग दीडपटीपेक्षा थोडा वाढतो आणि काम जवळजवळ तिप्पट होते. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली जाते; लायनरही पकड सोडते. लांब उतारावर हे पायाला स्पष्ट कळते. दुसरी मर्यादा पाण्याची. ड्रममध्ये पाणी शिरले की पकड जाते आणि चारही ड्रम सारखे भिजत नाहीत, म्हणून गाडी ओढते.

तिसरी गोष्ट मर्यादेपेक्षा मोठी आहे. मूळच्या रचनेत मास्टर सिलिंडर एकेरी असतो. एकच पिस्टन, एकच वाट, चारही चाकांना. एक होज फुटला, एक पाइप गंजून गेला, एका सिलिंडरचे रबर फाटले, की पेडल तळाला लागते आणि एकही चाक थांबत नाही. हाती उरतो फक्त हँडब्रेक. मूळ रचना ठेवणाऱ्याने हँडब्रेकची केबल, तिची नळी आणि मागच्या शूंची तरफ तितक्याच मनापासून नवी करायला हवी.

रस्ता दुसरा: ड्रम तेच, मास्टर सिलिंडर दुहेरी

अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून मोटारींसाठी ब्रेकची विभागलेली वाट सरकारी सुरक्षा नियमात आली. त्याच्या आसपास तिथल्या कंपन्यांनी दुहेरी मास्टर सिलिंडर सर्वत्र वापरायला सुरुवात केली होती. यात एका नळीत दोन पिस्टन एकामागे एक असतात आणि टाकीचे दोन कप्पे असतात. एक पिस्टन पुढच्या चाकांना, दुसरा मागच्यांना. एक वाट फुटली तर पेडल बरेच खाली जाते, पण दुसरी वाट काम करते. गाडी थांबायला जास्त अंतर घेते, तरी थांबते.

मला विचाराल तर रस्त्यावर नेमाने चालणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये हा एक बदल करायलाच हवा. डिस्क नसली तरी चालेल. चकाकणाऱ्या डिस्क पुढे लावून मास्टर सिलिंडर एकेरीच ठेवलेला ट्रक मी पाहिला आहे. त्या खर्चाचा क्रम उलटा होता.

लोकप्रिय ट्रकांसाठी यात चेसिसला बोल्टने बसणारी पट्टी मिळते. मूळ पेडल तेच राहते, कापाकापी होत नाही आणि पुढे कोणाला मूळ रूप परत आणायचे असेल तर तेही जमते. घेण्याआधी मोजायची गोष्ट म्हणजे जागा. दुहेरी सिलिंडर लांब असतो. मागची आडवी पट्टी, सायलेन्सरचा पाइप आणि गिअरबॉक्सचा आधार यांच्याशी त्याची गाठ पडते. सायलेन्सरचा पाइप अगदी जवळून जात असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा लावा. ऑइल पाहण्याचा त्रास मात्र तोच राहतो, उलट दोन कप्पे पाहावे लागतात. काही जण टाक्या नळीने वर बॉनेटखाली नेतात. ते मला आवडते, कारण जी टाकी सहज दिसते ती पाहिली जाते.

तीन बारकावे इथे चुकतात. पहिला, ड्रमच्या वाटेत थोडा दाब कायम ठेवणारी झडप लागते. साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. त्यामुळे व्हील सिलिंडरची रबरे पसरून टेकलेली राहतात आणि हवा आत ओढली जात नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये ही झडप आतच असे. नव्यात आहे की नाही, हे घेतानाच विचारा. नसेल तर बाहेरून बसवा, असेल तर दुसरी लावू नका. दुसरा बारकावा ब्रेक लाइटचा. पुष्कळ जुन्या ट्रकांत लाइटचा स्विच ऑइलच्या दाबावर चालतो. दुहेरी केल्यावर तो एकाच वाटेत उरतो. नेमकी तीच वाट फुटली तर ब्रेक लागतो पण मागच्याला लाइट दिसत नाही. पेडलवर दाबणारा साधा स्विच लावला की हा प्रश्न मिटतो. तिसरा, नवा मास्टर सिलिंडर बसवण्याआधी टेबलावरच त्यातली हवा काढून घ्यायची. गाडीवर चढवल्यावर आत अडकलेली हवा निघता निघत नाही, विशेषतः तो थोडा कलता बसत असेल तर.

रस्ता तिसरा: पुढे डिस्क

डिस्कचे फायदे खरे आहेत. ती उघड्या हवेत असते, लवकर थंड होते, पाणी फेकून देते आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. एका बाजूला ओढण्याचा त्रास कमी होतो. समायोजन करावे लागत नाही. शेव्हरलेटने अर्ध्या टनी ट्रकांना १९७१ पासून पुढे डिस्क दिल्या, तोवर मोठ्या रस्त्यांवरचे वेग वाढलेले होते आणि ड्रमची उष्णता हाताबाहेर जात होती.

पण डिस्कमध्ये चाकाचा जोर ब्रेकला मदत करत नाही. जेवढा दाब तुम्ही पाठवाल तेवढाच लागतो. म्हणून ड्रमपेक्षा बराच जास्त दाब हवा आणि इथे हिशेब कामी येतो. पायाने ३० किलो जोर दिला आणि पेडल रेशो ६ ला १ असेल तर पुशरॉडवर १८० किलो येतात. मास्टर सिलिंडरचा व्यास १ इंच असेल तर दाब सुमारे ३५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. व्यास १-१/८ इंच केला तर तोच दाब २८ वर येतो. ७/८ इंच केला तर ४६ वर जातो. म्हणजे मोठा सिलिंडर ताकदवान, ही समजूत उलटी आहे. मोठ्या व्यासाने पेडल उंच आणि कडक लागते, पण तेवढ्याच पायाच्या जोराला दाब कमी मिळतो. लहान व्यासाने दाब मिळतो, पण पेडल जास्त खाली जाते, कारण कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) भरायला ऑइलही लागते. ६ ला १ च्या पेडलवर पिस्टन २५ मिलिमीटर सरकायला पाय १५० मिलिमीटर खाली जावा लागतो. तळातल्या पेडलला तेवढी जागा आहे का, हे आधी पट्टीने मोजा. बूस्टर नसलेल्या डिस्क-ड्रम ट्रकासाठी मी १ इंचाच्या आसपासच राहीन.

मास्टर सिलिंडर तळाखालीच राहणार असेल तर आणखी एक अडचण. कॅलिपर त्याच्यापेक्षा उंचावर येतात आणि गाडी उभी असताना ऑइल मागे उतरते. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते. त्यासाठी डिस्कच्या वाटेत २ पीएसआयची झडप लावतात. इथे चुकून ड्रमची १० ची झडप लागली तर पॅड कायम घासत राहतात. दोन झडपा दिसायला सारख्या असतात, म्हणून बसवताना अंक वाचा.

मग चाके. १९४७-५५ च्या अर्ध्या टनी शेव्हरलेटची चाके ६ बोल्टची, ५.५ इंच वर्तुळाची. फोर्ड एफ-१०० ची ५ बोल्टची, तीही ५.५ इंचांची. काही डिस्क किट बोल्टांची रचना बदलतात, मग पुढची-मागची चाके वेगळी होतात आणि एक स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. काही किट चाक बाहेर ढकलतात आणि वळवताना टायर मडगार्डला घासतो. मूळचे लोखंडी चाक कॅलिपरला लागते का, हेही आधी विचारायला हवे. ज्यांना मूळची चाके आणि त्यांवरच्या छोट्या टोप्या प्रिय आहेत त्यांच्यासाठी हा निर्णायक मुद्दा ठरू शकतो.

आणि पिकअपसाठी सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचे संतुलन. हौदा रिकामा असलेल्या पिकअपचे मागचे टोक हलके असते. ब्रेक मारला की वजन पुढे जाते आणि मागे आणखी हलके होते. मागचे ड्रम भरलेल्या हौद्यासाठी केलेले असतात, म्हणून रिकाम्या गाडीत ते आधी जाम होतात आणि मागचे टोक बाजूला सरकते. ओल्या रस्त्यावर हा अनुभव कोणालाही येऊ नये. यासाठी मागच्या वाटेत दाब कमी करणारी, फिरवून जुळवता येणारी झडप लावतात. मोकळ्या, सुरक्षित जागी कमी वेगात ब्रेक मारून, पुढची चाके आधी जाम होतील इतकी ती फिरवायची. पण रिकाम्या गाडीसाठी जुळवलेली झडप भरलेल्या गाडीत मागच्या ब्रेकचे काम वाया घालवते. नेमाने माल वाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवून भरलेल्या गाडीतही चाचणी घ्यावी. ज्याचा ट्रक रिकामाच फिरतो त्याच्यासाठी निर्णय सोपा आहे.

मागेही डिस्क लावाव्यात का? माझे उत्तर नाही. मागच्या ब्रेकवर पडणारे काम कमी असते आणि ड्रममधला साधा, भरवशाचा हँडब्रेक जातो. त्याच्या बदल्यात मिळते ते फार थोडे.

रस्ता चौथा: टांगलेली पेडल आणि बूस्टर

फोर्डच्या ट्रकांत १९५७ पासून पेडल वरून टांगलेली आली. मास्टर सिलिंडर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवर गेला. ऑइल डोळ्यांसमोर, भोके बंद, माती नाही. म्हणून जुन्या ट्रकातही हे करावेसे वाटते.

करता येते, पण काम मोठे आहे. जुन्या केबिनची ती भिंत पेडलचा जोर घेण्यासाठी केलेली नसते. नुसता पत्रा भोके पाडून बोल्ट आवळले तर ब्रेक मारल्यावर पत्रा पुढे फुगतो आणि पेडल स्पंजासारखे लागते. हवा काढून काढून माणूस थकतो. आतून जाड पट्टीचा आधार डॅशबोर्डपर्यंत न्यावा लागतो. स्टिअरिंगची नळी वाटेत येते. क्लचचे पेडलही वर गेले की त्याचा जुना दुवा निरुपयोगी होतो आणि क्लचला स्वतंत्र ऑइलची रचना करावी लागते. ॲक्सिलरेटरची उंचीही जुळवावी लागते. ब्रेकच्या पेडलचे पॅड त्यापेक्षा थोडे वर असावे, नाहीतर पाय उचलताना बूट पेडलच्या कडेला अडकतो. इंजिन आणि गिअरबॉक्सही बदलणार असाल, केबिन उघडीच असेल, तर हा रस्ता शहाणपणाचा आहे. एरवी एवढी कापाकापी मी करणार नाही.

बूस्टर हा वेगळा प्रश्न आहे. तो तळाखालीही बसतो. ८ इंची म्हणजे २० सेंटिमीटर पडद्यावर इंजिनाच्या ओढीने (इंजिन हवा ओढून घेते त्या निर्वाताने) ०.६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर फरक मिळाला तर जवळजवळ १८८ किलोची मदत होते, म्हणजे वरच्या हिशेबातल्या पायाच्या कामाइतकी. पाय दुखणाऱ्यासाठी, वयस्कर चालकासाठी, डिस्क लावणाऱ्यासाठी ही मदत मोठी आहे. मात्र इंजिनाची ओढ कमी असेल, म्हणजे झिजलेले किंवा तेज कॅमशाफ्टचे इंजिन असेल, तर बूस्टर निम्मेच काम करतो. तळाखालचा बूस्टर पाणी आणि दगड यांच्या वाटेतही येतो. बेंडिक्स ड्रमवर मोठा बूस्टर लावणे मला पटत नाही. आधीच स्वतःचा जोर वाढवणारा ब्रेक जरा पाय लागताच झटका देतो.

ऑइल आणि पाइप

डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारांची ब्रेक ऑइले हवेतले पाणी शोषतात. कोरड्या स्थितीत डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ती रंगही खातात. डॉट ५ सिलिकॉनचे असते, पाणी शोषत नाही, रंगाला काही करत नाही. वर्षातून थोडेच दिवस निघणाऱ्या, मूळ रंगाच्या ट्रकासाठी ते चांगले, पण सगळी रबरे नवी आणि पाइप कोरडे असतील तरच. इतर ऑइलमध्ये ते मिसळू नये. डॉट ५.१ हे नाव सारखे असले तरी वेगळे आहे, तेही पाणी शोषणाऱ्यांपैकीच. नेमाने चालणाऱ्या ट्रकात मी डॉट ४ घालतो आणि दोन वर्षांनी बदलतो.

पाइप लोखंडी किंवा तांबे-निकेल मिश्रणाचे. दुसरे हाताने सहज वळते आणि गंजत नाही. निव्वळ तांब्याची नळी ब्रेकला चालत नाही, ती वारंवारच्या कंपनाने कडक होऊन तडकते. टोके दुहेरी दुमडलेली हवीत. रिंग दाबून बसवायचे जोड पाण्याच्या नळाला ठीक आहेत, ब्रेकला नाहीत.

मग कोणी काय घ्यावे

ट्रक मूळ रूपात जपायचा असेल, आठवड्यातून एकदा ताशी साठाच्या आत फिरवायचा असेल, तर ड्रम नवे करा, पेडलचे बुश नवे करा आणि तळाखाली दुहेरी मास्टर सिलिंडर लपवा. प्रदर्शनासाठी तंतोतंत मूळ रूप हवे असणारा एकेरीच ठेवील. त्याने वेग कमी ठेवावा आणि हँडब्रेक शंभर टक्के चालता असावा. मोठ्या रस्त्यावर वेगाने, लांब उतारांवर किंवा कुटुंबाला घेऊन जाणाऱ्याने पुढे डिस्क लावावी, पेडल तळातलेच ठेवावे, पायाला जड वाटले तर नंतर बूस्टर जोडावा. इंजिनासकट सगळा ट्रक नव्याने उभारणाऱ्यालाच टांगलेल्या पेडलचा विचार करायला सांगेन.

काम संपल्यावर पहिली चाचणी उभ्या गाडीत घ्या. पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. ते हळूहळू खाली सरकले तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर आतून ऑइल सोडते आहे. मग चारही चाके उचला, ब्रेक मारा, सोडा आणि प्रत्येक चाक हाताने फिरवा. चारही मोकळी फिरली की सपाट रस्त्यावर हळू निघा, पंधरा मिनिटे फिरा आणि परत येऊन ड्रमांजवळ हात न्या. एक ड्रम इतरांपेक्षा जास्त गरम असेल तर त्या चाकाकडे आणि त्याच्या होजकडे पाहा. चारही सारखेच जास्त गरम असतील तर पुन्हा पेडलखाली जा आणि ती दीड मिलिमीटर चाल शिल्लक आहे का ते तपासा.